चाळिशीनंतर बुद्धिबळ

“आता या वयात काय शिकायचं?” परभणीच्या वस्त्यांतून हेच ऐकू येतं. पोरं विहारात पट मांडतात, मोठी माणसं लांबून बघतात. आम्ही म्हणतो, बसा.

न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ जणांची काही वर्षं पाहणी झाली; निष्कर्ष २००३ साली छापून आले. बैठे खेळ, वाचन, वाद्यवादन, नाच यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. खेळामुळेच तसं झालं, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही. म्हणून बीपी-शुगरची गोळी चालूच ठेवा. घरातलं माणूस रोजची वाट, पैशाचा हिशेब विसरू लागलं, तर आधी डॉक्टर गाठा.

सुरुवात निव्वळ प्याद्यांनी करा, दोघांची आठ-आठ. ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. मग राजा, हत्ती, उंट, वजीर. अडीच घरांचा घोडा शेवटी. पोरांकडून शिका, हरायची लाज कशाला?

ब्रह्मजाल सुत्तात पटाचे खेळ प्रमादाचे म्हटले आहेत, असं कुणी म्हणेल. ते श्रमणांबद्दल आहे. तरी खूण लक्षात ठेवावी. पैसे लावायचे नाहीत, आणि वंदनेची वेळ झाली की डाव आहे तसाच ठेवून उठायचं.