कॉफीचा श्लक्ष्णपणा : रस, संस्कार आणि कल्पना

आपल्या जिल्ह्यात चहाचे प्राबल्य असले तरी कॉफी आता नवखी राहिलेली नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, सातपुड्यातील चिखलदऱ्याला (उंची सुमारे १,११८ मीटर) तर तिची लागवडही होते. अम्लपित्ताचा किंवा अनिद्रेचा रुग्ण पथ्य विचारताना हमखास म्हणतो, "मी घेतो ती कॉफी अगदी मऊ असते, ती बाधत नाही." हा मऊपणा नेमका कशाने येतो आणि त्यावरून कॉफी सौम्य ठरते का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रसविचार

कॉफीचा उल्लेख बृहत्त्रयीत नाही. म्हणून तिचे रस-गुण प्रत्यक्षावरूनच पाहावे लागतात. जिभेवर मुख्यतः तिक्त, कषाय व अम्ल हे तीन रस जाणवतात. व्यवहारात पहिल्या दोहोंनाही आपण 'कडू' म्हणतो. परंतु कषाय रसाने लाळेतील प्रथिने बांधली जाऊन जीभ कोरडी व जड होते. तिक्त-कषाय वाढले की कॉफी खर लागते. ते आटोक्यात राहून अम्लाशी तोल साधला की श्लक्ष्ण लागते.

द्रव्य व अग्निसंस्कार

अरेबिका जातीच्या बियांत कॅफिन सुमारे १.२ टक्के, तर रोबस्टात सुमारे २.२ टक्के असते. क्लोरोजेनिक आम्लेही रोबस्टात अधिक असतात. तथापि कडवटपणात कॅफिनचा वाटा थोडाच असतो. भाजताना क्लोरोजेनिक आम्लांपासून लॅक्टोन बनतात व त्यांचा कडूपणा सुसह्य असतो. भाजणी पुढे गेली की त्यांपासूनच फेनिलइंडेन तयार होतात व घशात रेंगाळणारा तीव्र कडवटपणा येतो. स्नेहपाकातील मृदु, मध्यम व खर ही परीक्षा येथे सहज आठवते.

कल्पनाभेद

पंचविध कषायकल्पनांच्या दृष्टीने पाहता उत्तम कॉफी हा फांट आहे, क्वाथ नव्हे. ९० ते ९६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अम्ल घटक आधी उतरतात. तिक्त व कषाय घटक सावकाश येतात. कॉफी उकळत ठेवली, भुकटी फार बारीक केली किंवा ती पाण्यात फार वेळ राहिली, की हे उशिराचे घटकही उतरतात. याउलट थंड पाण्यात १२ ते २४ तास भिजवून केलेली कॉफी म्हणजे हिम होय. तिच्यात तिक्तता व अम्लता कमी जाणवते, म्हणूनच ती सर्वांत मऊ लागते.

जल व सहद्रव्ये

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या बऱ्याच भागात, विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे. पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीतील आम्ल शमवते. त्यामुळे चव मऊ न होता सपक होते. दुधातील केसीन मात्र कषाय घटकांना बांधून घेते, म्हणून दुधाची कॉफी जिभेला कोरडी लागत नाही. चिकोरीच्या भाजलेल्या मुळांत कॅफिन नसते; त्यांनी पेयाला दाटपणा येतो.

चिकित्सकाने लक्षात घ्यावे

रस मऊ झाला म्हणून कर्म मंद होत नाही. कॅफिन पाण्यात लवकर विरघळते. कडवटपणा टाळण्यासाठी कॉफी थोडाच वेळ भिजवली, तरी बरेचसे कॅफिन उतरलेलेच असते. रात्रभर भिजवलेल्या कॉफीत भुकटीचे प्रमाण सहसा जास्त घेतले जाते. त्यामुळे तिच्या पेल्यात नेहमीइतके किंवा अधिकही कॅफिन असू शकते. निरोगी प्रौढात निम्मे कॅफिन उत्सर्जित होण्यास सुमारे ५ तास लागतात. गर्भिणीत याहून बराच अधिक वेळ लागतो. गर्भिणीसाठी दिवसाकाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा अनेक ठिकाणी सांगितली जाते. म्हणून रुग्णाला "कडू लागते का?" एवढेच न विचारता भुकटी किती, कप किती व शेवटचा कप कधी, हे विचारावे.

औषधालयचालकांनीही एक सूचना अवश्य द्यावी. कॉफीतील कषाय घटक लोहाचे शोषण कमी करतात. दुधाने जीभ सुखावली तरी हा दोष जातो असे समजू नये. मंडूर किंवा लोहकल्प घेणाऱ्या पांडुरोग्याने औषध व कॉफी यांत निदान एक-दोन तासांचे अंतर ठेवावे. पांडुरोगी स्त्रीला औषधाचा गुण येत नसेल, तर मात्रा वाढविण्यापूर्वी तिचे सकाळचे पेय विचारून घेणे हितावह ठरेल.