क्रौंचांचा घास

दिवाळीच्या उटण्यात आपण नागरमोथा घालतो. परंतु तो ज्या लव्हाळ्याच्या कुळातला, त्या कुळाकडे सहसा कोणी पाहत नाही. दिसावयास ते गवतच. मात्र गवताचे काड बहुधा गोल व पोकळ, तर लव्हाळ्याचे तिकोनी व भरीव. त्यातील कित्येकांचे बारीक कंद चिखलात दडलेले असतात. सैबेरियातून अफगाणिस्तानमार्गे भरतपूरला येणारे शुभ्र क्रौंच मुख्यतः अशा कंदांवरच हिवाळा काढीत.

भरतपूरचे केवलादेव हे केवळ निसर्गाचे देणे नव्हे. तेथील सखल भूमीला पाणी पुरविणारा अजान बांध महाराजा सूरजमल यांच्या काळचा. १७६१ साली पानिपताहून परतणाऱ्या विपन्न मराठ्यांना ज्यांनी अन्नवस्त्र दिले, तेच हे सूरजमल! पावसाळ्यात पाणी भरावे, हिवाळ्यात ते उथळ व्हावे, उन्हाळ्यात आटावे, हा क्रम लव्हाळ्याला मानवतो. आणि उथळ पाणी असले तरच क्रौंचाची चोच कंदापर्यंत पोहोचते.

१९६०च्या दशकाच्या मध्यास येथे सुमारे दोनशे क्रौंच येत. १९८२ साली उद्यानात गुरे चारण्यास बंदी झाली. ग्रामस्थ खवळले, गोळीबार झाला, माणसे दगावली. बंदीचा हेतू पक्ष्यांच्या हिताचाच होता. पण पाण्यात उतरून चरणाऱ्या म्हशी जाताच पास्पेलम नावाचे गवत असे माजले, की उघडे पाणी आक्रसले आणि क्रौंचांना कंद मिळणे दुरापास्त झाले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हे उघड झाले. म्हैस ही त्या पाणथळीची माळीण होती, हे आधी कोणाच्या ध्यानी आले नव्हते!

वाटेवरील शिकारीनेही क्रौंचांचा घात केला. २००१-०२च्या हिवाळ्यात अखेरची जोडी आली. त्यानंतर कोणी आले नाही.

लव्हाळ्यापुढील संकट मात्र तेवढ्यावर थांबले नाही. गंभीर नदीवर करौली जिल्ह्यात पांचना धरण झाले. उद्यानाला वर्षास सुमारे ५५ कोटी घनफूट पाणी लागते. २००४ साली शेतकऱ्यांच्या विरोधामुळे धरणाचे पाणी सुटलेच नाही. शेतकऱ्याला तरी कोणत्या तोंडाने दोष द्यावा? पुढे गोवर्धन नाल्याचे पाणी नळाने आणावे लागले. पाणी पुरेसे आले त्या वर्षी उथळ चिखलात सारसांची जोडपी तेच कंद उकरताना दिसतात.