सैनिकी शाळेचे दार आणि मराठी पाटी

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात ज्याच्या नात्यात कोणी फौजी नाही असे मराठी घर शोधावेच लागेल. मुलाला सैनिकी शाळेत घालावे काय, हा प्रश्न तेथील पालकांना पडणे स्वाभाविक आहे. घाटाखालच्या आमच्या वाचकांचे सगेसोयरे तिकडे असल्याने ही विचारणा आमच्यापर्यंतही येते. मात्र ती बहुधा उशिरा येते. मुलगा आठवी-नववीत जाऊन ऐकेनासा झाला, म्हणजे वडिलांना कवायत आठवते! या शाळा सुधारगृहे नव्हेत. उनाड मुलास वळण लावण्याचे कंत्राट त्यांनी घेतलेले नाही, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

खुद्द बेळगावातील राष्ट्रीय मिलिटरी स्कूल १९४५ सालचे. सैनिकांच्या मुलांसाठी निघालेल्या अशा शाळांची दारे १९५२ पासून नागरिकांच्या मुलांनाही उघडली. परंतु आजही बहुतांश जागा जवान व कनिष्ठ अधिकारी यांच्या पाल्यांसाठी राखीव असतात. फौजी घराने तिचा विचार अवश्य करावा. तंबाखूच्या शेतकऱ्याला किंवा विडी वळणाऱ्या माउलीला मात्र सैनिक स्कूलकडेच वळावे लागते. त्यांतले सातारचे १९६१ चे, विजापूरचे १९६३ चे. निपाणीहून महामार्गाने सरळ गेले की सातारा येतो. तथापि या शाळांत ६७ टक्के जागा त्या-त्या राज्यातील मुलांच्या. निपाणीचा मुलगा कागदोपत्री कर्नाटकाचा! तेव्हा साताऱ्यात त्याला उरलेल्या ३३ टक्क्यांत साऱ्या देशाशी झुंजावे लागते. घरचा हक्क चालतो तो विजापुरात आणि दूरच्या कोडगूत. १९५६ साली आखलेली रेघ अकरा वर्षांच्या पोराच्या अर्जावरही उमटते ती अशी.

याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. सैनिक स्कूलची सहावीची प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते. नववीची केवळ इंग्रजीतून. सहावीसाठी वय दहा ते बारा, नववीसाठी तेरा ते पंधरा. नववीची वाट पाहणारा पालक मग घाबरून मुलाला मराठी शाळेतून काढतो आणि इंग्रजी माध्यमात नेऊन बसवतो. ज्या शाळा टिकाव्यात म्हणून सीमाभागाने इतकी वर्षे हाल सोसले, त्यांचे वर्ग असे एकेका पाटीने रिकामे होतात. याची मुळीच गरज नाही. पाचवीपर्यंत मूल आपल्याच भाषेत शिकून त्याच भाषेत ही परीक्षा देऊ शकते, हे गावोगावच्या मुख्याध्यापकांनी चौथीच्या पालकांना बोलावून सांगितले पाहिजे. पुढे शाळेत इंग्रजीच आहे, हे खरे. म्हणून मराठी शाळांनी इंग्रजी हा विषय मन लावून शिकवावा. माध्यम बदलणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मुलींच्या पालकांनीही हे ऐकावे. याच जिल्ह्यात कित्तूरला राणी चन्नम्मांच्या नावाची मुलींची सैनिकी शाळा १९६९ पासून आहे. सैनिक स्कूलांची दारेही आता मुलींना खुली आहेत, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ साली दाखल झालेली मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात संचलन करीत बाहेर पडली.

राहता राहिल्या पाटीवर ‘मिलिटरी’ रंगवलेल्या खाजगी शाळा. काही चांगल्या असतील. पण गणवेश पाहून दागिने गहाण टाकू नयेत. तेथून आजवर किती मुले प्रबोधिनीत गेली, एवढे एक विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.