रस्त्याचे वेळापत्रक

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि हिंदुस्थानात प्रवाशांच्या रेल्वे वाहतुकीस प्रारंभ झाला. पुढच्याच वर्षी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेला. त्या काळच्या लोकांना वाफेच्या इंजिनाचे नवल वाटले, ह्यात आश्चर्य नाही. परंतु आगगाडीबरोबर आणखी एक नवी गोष्ट त्यांच्या आयुष्यात आली होती. ती म्हणजे वेळापत्रक. बैलगाडीने निघालेला माणूस ‘दिवस मावळेतो पोहोचू’ असे म्हणे. आगगाडीने जाणारा मिनिटांच्या भाषेत बोलू लागला.

आज ठाणे, डोंबिवली, कल्याण ह्या नगरांतील माणूस गाडी चार मिनिटे उशिरा आली तरी कुरकुरतो. तोच माणूस मोटारीने किंवा बसने निघाला, तर ‘किती वाजता पोहोचशील?’ ह्या प्रश्नाला ‘रस्ता मोकळा मिळाला तर पाऊण तासात’ असे उत्तर देतो. ह्यातील ‘तर’ हा शब्दच साऱ्या अडचणीचे मूळ आहे. लोहमार्गावर गाडीखेरीज दुसरे काही धावत नाही; एका गाडीच्या मागे दुसरी किती अंतरावर सोडावयाची, हे सिग्नल ठरवतो. रस्त्यावर मात्र प्रत्येक चालक आपापला धनी असतो. कोण केव्हा निघेल, कोठे वळेल, कोठे मध्येच थांबेल, ह्याचा हिशेब कोणापाशीही नसतो. अशा रस्त्याचे वेळापत्रक मांडता येईल काय, ह्या प्रश्नाचा शोध जगातील अनेक संशोधक गेली शंभर वर्षे घेत आहेत.

प्रथम ह्या भागाची भूमी पाहिली पाहिजे. ठाणे आणि कल्याण ह्यांच्यामध्ये एका बाजूस पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उल्हास नदी व तिची खाडी आणि मधून गेलेला लोहमार्ग आहे. लोहमार्गामुळे डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले आहेत, कल्याणचेही तसेच. त्यामुळे रस्ते कितीही असले, तरी ते शेवटी चार-दोन पुलांपाशी येऊन मिळतात. घागर कितीही मोठी असो, पाणी बाहेर पडते ते तिच्या गळ्याएवढेच. कल्याणचा १९१४ साली बांधलेला पत्री पूल धोकादायक ठरून नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला व नवा पूल जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. डोंबिवलीचा कोपर पूल सप्टेंबर २०१९ पासून दोन वर्षे बंद होता. एकेका पुलाच्या अभावी सबंध नगराला किती वळसे घ्यावे लागतात, हे त्या दिवसांत तेथील लोकांनी अनुभवले. डोंबिवलीच्या माणसाला ठाण्यास जावयाचे, तर शीळफाट्यावरून मुंब्र्याकडे किंवा कल्याणचा दुर्गाडी पूल ओलांडून नाशिक महामार्गाने, असे लांबचे मार्ग धरावे लागत. २०२५ साली मोठागाव-माणकोली पूल सुरू झाला, तेव्हा नदी ओलांडण्याची एक जवळची वाट मिळाली.

पण वाट अरुंद असते म्हणूनच खोळंबा होतो, असे मात्र नाही. पुष्कळदा पुढे अपघात नसतो, खड्डा नसतो, फाटक नसते. तरीही गाड्या थबकतात. हे कोडे जपानमधील नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा व त्यांचे सहकारी ह्यांनी एका सोप्या प्रयोगाने उलगडून दाखविले. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर त्यांनी २२ मोटारी सारख्या अंतरावर उभ्या केल्या आणि चालकांना ताशी ३० किलोमीटरच्या सुमारास एकसारखे चालवावयास सांगितले. काही वेळ सारे सुरळीत चालले. मग एकाचा वेग किंचित कमी झाला. त्याच्या मागच्याने थोडा अधिक ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने त्याहून अधिक, आणि शेवटी एक मोटार चक्क थांबली. तो खोळंबा मग एका जागी राहिला नाही. गाड्या पुढे जात होत्या आणि खोळंब्याची लाट मात्र त्यांच्या उलट दिशेने, ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे सरकत होती. हा प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. घोडबंदर रस्त्यावर कारणावाचून थांबलेला प्रवासी ज्या लाटेत सापडतो, ती पुष्कळदा बरेच पुढे, काही मिनिटांपूर्वी कोणीतरी लावलेल्या ब्रेकची असते.

ह्याच्या पुष्कळ आधी, १९३० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील ब्रूस ग्रीनशील्ड्स ह्यांनी ओहायो राज्यात रस्त्याच्या कडेला चलच्चित्राचा कॅमेरा लावून वाहनांची गती मोजली. रस्त्यावर दाटी वाढली की वेग उतरतो, हे कोणासही ठाऊक असते. ग्रीनशील्ड्स ह्यांनी त्या दोहोंचा संबंध गणितात मांडला. त्यातून निघणारी एक गोष्ट मोठी चमत्कारिक आहे. समजा, एका किलोमीटरमध्ये २० मोटारी आहेत व त्या ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहेत. तर तासाभरात एका खांबासमोरून १२०० मोटारी जातील. आता समजा, दाटी वाढून किलोमीटरमध्ये १२० मोटारी झाल्या व वेग ताशी १० किलोमीटरवर आला. तरीही त्या खांबासमोरून तासाला १२०० मोटारीच जातील. खांबापाशी बसून नुसत्या मोटारी मोजणाऱ्याला दोन्ही वेळा सारखाच आकडा मिळेल. आत बसलेल्या प्रवाशाला मात्र एकदा सहा किलोमीटरला सहा मिनिटे लागतील आणि दुसऱ्यांदा छत्तीस. म्हणून रस्त्याची स्थिती जाणावयाची, तर मोजणीबरोबर वेगही पाहावा लागतो.

परदेशातील ही गणिते आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत. त्यांच्या रस्त्यांवर बहुतेक मोटारीच असतात व त्या आखलेल्या रांगेतून धावतात. आपल्या रस्त्यावर कंटेनर, बस, टेम्पो, मोटार, रिक्षा, मोटारसायकल, सायकल आणि हातगाडी अशी सारी मंडळी एकत्र चालतात. दोन मोटारींमधल्या फटीत मोटारसायकल शिरते आणि तिच्या पुढ्यात रिक्षा वळते. ह्या सर्वांची बेरीज कशी करावयाची? रुपये, आणे आणि पै ह्यांची बेरीज करण्यापूर्वी ज्याप्रमाणे ती एकाच नाण्यात आणावी लागत, त्याप्रमाणे अभियंते प्रत्येक वाहनाचे मोल ‘मोटारी’त सांगतात. इंडियन रोड्स काँग्रेस ह्या १९३४ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९० साली नगरांतील रस्त्यांसाठी असे कोष्टक दिले. त्यात मोटार म्हणजे १, मोटारसायकल किंवा स्कूटर ०.५ ते ०.७५, रिक्षा १.२ ते २, आणि ट्रक किंवा बस २.२ ते ३.७ असे धरले आहे. गंमत अशी, की हातगाडीचे मोल २ ते ३ आहे. ती मोटारीएवढी लांबरुंद नसते. परंतु तिच्या संथ चालीमुळे मागच्यांची जी अडवणूक होते, तिचाही हिशेब ह्यात धरावा लागतो.

आता प्रवासाला किती वेळ लागेल, हे आधी सांगण्याच्या विद्येकडे वळू. तिचे मूळ साधे आहे: काल आणि परवा काय झाले ते पाहावे, आत्ता काय होत आहे ते पाहावे, आणि दोहोंचा मेळ घालावा. अवघड आहे ते मेळ घालणे. समजा, सोमवारी सकाळी नऊ वाजता काटई नाक्यापासून शीळफाट्यापर्यंत बसला नेहमी १२ मिनिटे लागतात. पण आज नुकत्याच पोहोचलेल्या बसला २० लागली. मागून येणाऱ्या बसला किती लागतील? ती पहिली बस कदाचित चाक पंक्चर झाल्यामुळे थांबली असेल; तसे असल्यास २० हा आकडा फसवा. परंतु तिच्या पाठच्या बसलाही १९ मिनिटे लागली, तर नव्या वार्तेवर अधिक विश्वास ठेवावा आणि जुन्या अनुभवावर कमी. कोणत्या वार्तेवर किती विश्वास ठेवावा, हे ठरविण्याची नेमकी गणिती रीत रुडॉल्फ काल्मान ह्या शास्त्रज्ञाने १९६० साली सांगितली. चंद्राकडे गेलेल्या अपोलो यानांची दिशा राखण्यासाठी ती वापरली गेली. पुढे मद्रासच्या आय. आय. टी.मधील संशोधकांनी हीच रीत चेन्नईच्या बसगाड्यांना लावली. उपग्रहांच्या साहाय्याने बसचे ठिकाण कळत असे. पुढे गेलेल्या दोन बसगाड्यांचा वेळ पाहून ते मागच्या बसचा वेळ सांगत. त्यांचा हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. मिश्र वाहतुकीच्या आपल्या रस्त्यांवरून आणि आपल्याच बसगाड्यांवरून तो केलेला असल्यामुळे त्याचे महत्त्व विशेष आहे.

आज प्रवाशांच्या खिशातील मोबाइल फोनच ही वार्ता देतात. रस्त्यावरील हजारो फोन आपापले ठिकाण आणि वेग कळवीत असतात. त्यांवरून नकाशावरील रस्ता कोठे हिरवा तर कोठे तांबडा रंगविला जातो. ह्या यंत्राला डोळे मात्र नाहीत. सायमन वेकर्ट नावाच्या एका जर्मन कलावंताने एका हातगाडीत ९९ फोन ठेवले आणि ती बर्लिनच्या रिकाम्या रस्त्यावरून हळूहळू ओढीत नेली. यंत्राला वाटले, येथे ९९ मोटारी खोळंबल्या आहेत. नकाशावर तो रस्ता तांबडा झाला! २०२० साली ही हकिकत जगभर वाचली गेली.

कोणत्या वाटेने जावे, हे सांगणाऱ्या रीतीचा पायाही जुना आहे. नेदरलँड्सचे एड्सगर डायक्स्ट्रा ह्यांनी १९५६ साली ॲम्स्टरडॅममधील एका उपाहारगृहात कॉफी पिता पिता, अवघ्या वीस मिनिटांत, सर्वांत जवळची वाट शोधण्याची पद्धत मनातल्या मनात तयार केली. ती आजही नकाशे दाखविणाऱ्या यंत्रांच्या मुळाशी आहे. परंतु येथे एक पेच उत्पन्न होतो. मोठा रस्ता तुंबला असून मागची गल्ली मोकळी आहे, असे यंत्राने सर्वांनाच सांगितले, तर सारे त्या गल्लीत शिरतील आणि थोड्याच वेळात गल्लीही तुंबेल. जॉन वॉर्ड्रॉप ह्या इंग्रज संशोधकाने १९५२ सालीच दाखवून दिले होते, की प्रत्येकजण स्वतःपुरती जलद वाट निवडू लागला म्हणजे शेवटी सर्व वापरातल्या वाटांना सारखाच वेळ लागू लागतो, आणि सर्वांचा मिळून लागणारा वेळ मात्र कमीत कमी असेलच असे नाही. नवा पूल झाला की पहिल्या दिवशीची मोकळीक फार काळ का टिकत नाही, ह्याचे एक कारण ह्यात सापडते.

संशोधकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे आणि ती सामान्य माणसाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. समजा, डोंबिवलीहून ठाण्यास परीक्षेसाठी जाणाऱ्या एका मुलीला दहा दिवसांपैकी आठ दिवस ५० मिनिटे लागली व दोन दिवस ९० मिनिटे. सरासरी निघते ५८ मिनिटांची. ह्या सरासरीवर विसंबून ती एक तास आधी निघाली, तर दहांपैकी दोन दिवस ती अर्धा तास उशिरा पोहोचेल. परीक्षेचा दिवस त्या दोहोंपैकी असला तर? म्हणून तिला रोजच दीड तास आधी निघावे लागेल आणि आठ दिवस शाळेच्या दाराशी ४० मिनिटे ताटकळावे लागेल. ही ४० मिनिटे कोणत्याही सरासरीत दिसत नाहीत. पण ती तिच्या झोपेतून किंवा अभ्यासातूनच जातात. यास्तव रस्ता ‘किती वेगाचा’ एवढेच न पाहता तो ‘किती भरवशाचा’ हेही आता मोजले जाते. रोज पासष्ट मिनिटे घेणारा रस्ता कधी पन्नास तर कधी नव्वद घेणाऱ्या रस्त्यापेक्षा बरा.

भरवसा वाढविण्याचे उपाय बरेच आहेत. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिक महामार्ग ठाण्याच्या माजिवडा नाक्यापाशी मिळतात. उरणच्या बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे व गुजरातकडे जाणारे कंटेनर ह्याच परिसरातून जातात. म्हणून अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी नगरात मज्जाव करून ठराविक तासांतच सोडण्याची पद्धत वाहतूक पोलिसांनी ठेवली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला, तेव्हा मुलुंडच्या नाक्यावर पैसे देण्यासाठी त्यांना थांबण्याचे कारण उरले नाही.

चौकातील दिव्यांचेही शास्त्र आहे. हिरवा दिवा लागला की रांगेतील मोटारी एकदम सुटत नाहीत. एकीमागून एक, सुमारे दोन सेकंदांच्या अंतराने सुटतात. दिवा बदलताना दर वेळी काही सेकंद फुकट जातात. दिवे फार लवकर बदलले तर हा फुकट जाणारा वेळ वाढतो आणि फार उशिरा बदलले तर आडव्या रस्त्यावरील रांग वाढत राहते. ह्या दोहोंमधली योग्य वेळ काढण्याचे सूत्र ब्रिटनमधील वेबस्टर ह्यांनी १९५८ साली दिले. आता रस्त्यावरील कॅमेरे रांगेची लांबी पाहून हा वेळ क्षणोक्षणी बदलू शकतात.

तरीही एक वाहन असे आहे, की ज्याला सूत्राची वाट पाहता येत नाही. महाराष्ट्रात २०१४ सालापासून १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. तिला वाट न देणाऱ्यास २०१९ च्या कायद्याप्रमाणे दहा हजार रुपये दंड आहे. पण कापूरबावडीच्या चौकात चारी बाजूंनी वाहने अडकलेली असताना मागच्या मोटारीला पुढे सरकण्यास जागाच नसेल, तर दंडाच्या भयाने ती सरकणार कशी? अशा वेळी चौकातील पोलीस शिपाई दिव्याकडे न पाहता भोंग्याच्या आवाजाकडे कान देतो, हात वर करून तीन रस्ते थांबवितो, चौथ्या रस्त्यावरच्या पहिल्या चार-पाच गाड्या पुढे काढतो आणि मग त्या मोकळ्या झालेल्या जागेतून रुग्णवाहिका बाहेर पडते.