दोरी ओढण्याआधी

चेनसॉ वापरल्याने जेवढा बिघडत नाही, तेवढा पडून राहिल्याने बिघडतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या नारळी-पोफळीच्या नि आंब्याच्या बागा आडव्या झाल्या. रस्त्यांवर आणि घरांवर पडलेली झाडे हातकरवतीने कापत बसायला सवड नव्हती. अशा वेळी दोरी ओढून सुरू होणाऱ्या या यंत्राला सोन्याचे मोल येते. काम संपले की मात्र ते पडवीच्या कोपऱ्यात जाते. टाकीतले उरलेसुरले पेट्रोल तसेच राहते. पुन्हा गरज पडते तेव्हा दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, इंजिन ढिम्म. ग्रास कटर, फवारणीचा पंप, जुनी लुना यांचीही हीच गत.

अशा यंत्राला दोन वाटा ठरलेल्या: मिस्त्रीचे दुकान नाहीतर भंगारवाला. पण तिसरी वाट धरणारेही आहेत. सुटीच्या दिवशी अंगणात वर्तमानपत्र पसरून जुने इंजिन खोलायचे, का बंद पडले ते शोधायचे आणि चालू करायचे, हा त्यांचा छंद. पाने, पक्कड, प्लगपाना, फिलर गेज आणि जुना टूथब्रश एवढ्यावर त्याची सुरुवात होते. खरे भांडवल म्हणजे क्रमाने विचार करण्याची सवय. पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या इंजिनाला चालायला तीन गोष्टी पुरतात: सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, योग्य क्षणी ठिणगी आणि हवेत प्रमाणात मिसळलेले इंधन. तिन्ही असतील तर ते चालतेच. चालत नसेल तर तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते एकेक करून तपासायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेतला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो. एकदम प्लग, कार्बोरेटर आणि कॉइल बदलणाऱ्याचे इंजिन कदाचित सुरू होईलही, पण दोष कशात होता हे त्याला कधीच कळत नाही.

व्हॉल्व्ह नसलेले इंजिन

चेनसॉमध्ये असते ते टू-स्ट्रोक इंजिन. डुगाल्ड क्लर्क या स्कॉटिश अभियंत्याने १८८१ मध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचे पेटंट घेतले, पण त्याच्या रचनेत मिश्रण भरण्यासाठी वेगळा सिलिंडर लागत होता. इंग्लंडच्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी १८९० च्या सुमारास त्याची गरजच संपवली. पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी त्यांनी सायकलच्या पंपासारखी वापरली. पिस्टन वर जाताना खालच्या पेटीत मिश्रण ओढले जाते, खाली येताना ते दाबले जाते आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटेने वर ढकलले जाते. भिंतीतल्या या खिडक्या उघडण्या-मिटण्याचे काम पिस्टनच करतो. व्हॉल्व्ह नाही, कॅमशाफ्ट नाही, आणि प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट.

या साधेपणाची एक अट आहे. मिश्रण क्रँकच्या पेटीतून जात असल्यामुळे तिथे ऑइल साठवून ठेवता येत नाही; वंगण पेट्रोलमधूनच द्यावे लागते. चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीला पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घेणे आठवत असेल, ते याचसाठी. आजच्या बहुतेक चेनसॉना पन्नासास एक, म्हणजे लिटरमागे २० मिलि टू-टी ऑइल लागते. कित्येक जुन्या यंत्रांना त्याच्या दुप्पट. पण याच अटीमुळे इंजिन कसेही धरता येते, कारण तळाशी डचमळणारे ऑइल त्यात नसतेच. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये बनवलेला पहिला चेनसॉ विजेवर चालायचा, १९२९ मध्ये त्यांचे पेट्रोलवरचे यंत्र आले आणि १९५० मध्ये एकट्या माणसाला पेलणारे. झाडाच्या बुंध्याशी आडवे, फांदीखाली उलटे धरता येणारे यंत्र शक्य झाले ते या इंजिनामुळे.

आधी दाब, मग बाकीचे

जाणकार माणूस प्लगला हात लावण्याआधी यंत्र स्टार्टरच्या मुठीला धरून लटकते ठेवतो. वजनाने ते खाली यायला लागते. दाब चांगला असेल तर ते थांबत थांबत, झटक्याझटक्याने उतरते, कारण दर फेऱ्याला कोंडलेली हवा पिस्टनला अडवते. सरसर खाली आले तर रिंगा किंवा सिलिंडर गेले असे समजायचे. पुढची तपासणी सायलेन्सर काढून होते. दोन बोल्ट सोडवले की एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन थेट दिसतो. त्याची कड गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर जीव आहे. उभे ओरखडे दिसले तर पिस्टन कधीतरी जाम झाला होता.

हे ओरखडे बहुधा एक्झॉस्टच्या बाजूलाच का असतात, यातही विज्ञान आहे. जळलेला तप्त वायू तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे पिस्टनची ती बाजू सर्वांत जास्त तापते आणि फुगते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचीच फट असते. ऑइल कमी पडले किंवा मिश्रणात हवा जास्त झाली की ती फट संपते आणि पिस्टनचे ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला पुसले जाते.

लुनाचा किंवा चेतकचा सिलिंडर बिडाचा. तो बोअर करून मोठा पिस्टन बसवता येतो. चेनसॉच्या सिलिंडरला आतून क्रोम किंवा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा पातळ, अतिकठीण मुलामा असतो. तो बोअर केला तर मुलामाच जातो. मग छंदवाले रसायनशास्त्राची मदत घेतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ॲल्युमिनियम विरघळते, निकेल विरघळत नाही. भिंतीला चिकटलेल्या ॲल्युमिनियमवर बोळ्याने थोडे द्रावण लावले की बुडबुडे येतात आणि थर सुटू लागतो. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून हे काम उघड्यावर, आगीपासून लांब, हातमोजे आणि चश्मा घालूनच करायचे. मुलामा कुठे निघाला असेल तर तिथे सोडा लावायचा नाही. तो सिलिंडरचेच ॲल्युमिनियम खातो.

इंजिन जाम का झाले, हे शोधल्याशिवाय नवा पिस्टन बसवण्यात अर्थ नाही. क्रँकच्या टोकाचे रबरी ऑइल सील कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण विरळ होते. अशा वेळी इंजिन अडखळण्याऐवजी आधीपेक्षा जास्त फिरायला लागते. मालकाला वाटते, यंत्र झकास झाले. प्रत्यक्षात ते वितळण्याच्या मार्गावर असते.

बॅटरीशिवाय ठिणगी

चेनसॉला बॅटरी नसते. फ्लायव्हीलच्या कडेला चुंबक बसवलेले असतात आणि ते फिरताना शेजारच्या कॉइलजवळून जातात. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत विद्युतप्रवाह निर्माण होतो, हा मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेला नियम. कॉइलच्या कमी वेढ्यांतला प्रवाह ऐन क्षणी एकदम तोडला की हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या गुंडाळीत १५ ते २० हजार व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत ठिणगी उडते. जुन्या यंत्रांत प्रवाह तोडायला पॉइंट असत, नंतर ते काम इलेक्ट्रॉनिक स्विचकडे गेले.

चुंबक आणि कॉइल यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर अंतर लागते. फिलर गेज नसेल तर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइलचे स्क्रू आवळायचे आणि कार्ड ओढून काढायचे. मिस्त्री लोकांची ही जुनी रीत आजही चालते. बरीच वर्षे पडलेल्या यंत्रात चुंबकावर गंज चढलेला असतो, तो पॉलिश पेपरने घासला तरी बऱ्याचदा करंट परत येतो. तरीही ठिणगी दिसत नसेल तर कॉइल विकत आणण्याआधी बंद करण्याच्या बटणाची तार काढून पाहावी. हे बटण वीज तोडत नाही, कॉइलचा प्रवाह यंत्राच्या अंगाला जोडून जिरवते. म्हणजे कुठे तारेचे आवरण झिजून ती लोखंडाला टेकली, तर यंत्र कायमचे ‘बंद’ राहते आणि दोष बिचाऱ्या कॉइलवर येतो.

पातळ पडदा

तरीही चेनसॉ न चालण्याचे सर्वांत नेहमीचे कारण कार्बोरेटरमध्ये सापडते. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो. यंत्र उलटे केले की फ्लोट कुचकामी. म्हणून चेनसॉच्या कार्बोरेटरमध्ये दोन पातळ डायफ्रॅम असतात. पहिला पंपाचा. क्रँकच्या पेटीतला दाब दर फेऱ्याला वर-खाली होतो आणि त्या ठोक्यांवर हा पडदा हलून टाकीतले पेट्रोल खेचतो. यंत्र मिनिटाला बारा हजार फेऱ्यांनी चालत असेल तर सेकंदाला दोनशे वेळा. दुसरा मापाचा. त्याच्या बाहेरच्या अंगाला वातावरणाचा दाब, आतल्या अंगाला इंजिनाची ओढ. ओढ वाढली की पडदा आत दबतो, बारीक तरफ हलते, सुई उचलली जाते आणि लागेल तेवढेच पेट्रोल आत येते.

चार स्क्रू काढून हा पडदा बोटांवर घेतला की निदान होते. चांगला पडदा मऊ असतो, फुंकर मारली तरी हलतो. जुना पडदा ताठ होतो, वाकवला की कडकड वाजतो. इंजिनाच्या नाजूक ओढीला तो दाद देत नाही, सुई उघडत नाही, आणि आपण दोरी ओढत राहतो. शेजारच्या बारीक भोकांत साठलेला पिवळट चिकटा म्हणजे शिळे पेट्रोल. त्यातले हलके घटक उडून जातात, बाकीच्यांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन डिंकासारखा थर बसतो. डायफ्रॅमचा नवा संच आणि कार्बोरेटर क्लीनरचा एक डबा एवढ्यावर अशी कितीतरी यंत्रे पुन्हा चालू होतात.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ किलो. मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरमधून आता गरजेपेक्षा विरळ मिश्रण जाते आणि इंजिन जास्त तापते. शिवाय इथेनॉल हवेतली वाफ शोषते. कोकणातल्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर बसू शकतो. ऑइल राहते वरच्या पेट्रोलमध्ये, आणि टाकीतला फिल्टर लोळतो तळाशी. इंजिनाला मिळते ते वंगणाविना इंधन. म्हणून यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे.

मिश्रण जुळवायला कार्बोरेटरवर दोन बारीक स्क्रू असतात, एक मंद गतीचा, एक पूर्ण गतीचा. जुने लोक दुसरा कानाने लावतात. लाकडाला न टेकवता पूर्ण गती दिली की इंजिनाने किंचित अडखळत, भरड आवाजात बोलले पाहिजे. इंधन थोडे जास्त असल्याने मधले काही स्फोट चुकतात, त्याचा हा आवाज. करवत लाकडात उतरली की आवाज स्वच्छ होतो. मोकळे असतानाच आवाज तीक्ष्ण, एकसुरी येत असेल तर स्क्रू किंचित सैल करायचा.

अळीचे दात

इंजिन कितीही सुधारले तरी साखळीला धार नसेल तर सगळे फुकट. सुरुवातीच्या साखळ्यांचे दात हातकरवतीसारखे लाकूड ओरबाडायचे आणि पटकन बोथट व्हायचे. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने १९४६ मध्ये एका खोडात भुंगेऱ्याची अळी पाहिली. ती तंतूंच्या दिशेने आणि आडवीही सहज कुरतडत पुढे जात होती. तिच्या जबड्यांची रचना पाहून त्याने डावे-उजवे वळलेले दात असलेली साखळी बनवली आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला कारखाना काढला. आजच्या साखळ्या मुळात त्याच धर्तीच्या आहेत. धार बरोबर आहे की नाही, हे भुश्शावरून ओळखावे: जाडसर चिपा पडल्या तर ठीक, पिठासारखा भुसा पडला तर गोल कानस हाती घ्यायची वेळ झाली.

टू-स्ट्रोकची कड घेताना त्याचा दोषही सांगायला हवा. एक्झॉस्टची खिडकी उघडी असतानाच नवे मिश्रण आत येते, त्यामुळे त्यातले बरेचसे न जळताच बाहेर जाते. साध्या रचनेत हा वाटा चौथाईच्या घरात असतो. निळ्या धुराच्या स्कूटरी रस्त्यांवरून हटल्या त्या यामुळेच. घरच्या वापरातल्या चेनसॉची जागाही हळूहळू बॅटरीवरची यंत्रे घेतील, आणि ते योग्यच आहे. पण जे यंत्र बनून गेले आहे ते नीट जुळवून चालवणे, हे ते टाकून नवे घेण्यापेक्षा बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. चुकीच्या मिश्रणावर धुमसणारे इंजिन सर्वांत जास्त घाण करते.

हा छंद धरायचा असेल तर पहिले यंत्र चेनसॉ नको. उसळी मारली की साखळी थांबवणारा ब्रेक १९७० च्या दशकाआधीच्या चेनसॉना नसायचा, आणि चुकीला तिथे क्षमा नाही. भंगारातून एखादा ग्रास कटर आणा, पाते काढून ठेवा, हात घालण्याआधी प्लगची टोपी काढा आणि खोला. घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर त्याला शेजारी बसवा. वायूंचा दाब, विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन आणि ज्वलन हे पुस्तकात वेगवेगळे धडे आहेत आणि एखादा ऑप्शनला टाकता येतो. इंजिनात तिन्ही एकत्र येतात, आणि त्यातला एक जरी कच्चा राहिला तरी ते सुरू होत नाही.