दुकानाचे फोटो नेमके कुठे राहतात?

वूकॉमर्सवर चालणाऱ्या दुकानात मालाचे फोटो वर्डप्रेसच्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये वर्ष-महिन्यानुसार साठतात. पैठणीच्या पदराचा एक मोठा फोटो चढवला, की त्याच्या लहानमोठ्या आवृत्त्या आपोआप तयार होतात. एका फोटोच्या दहाएक फाइल्स सहज होतात. पाचशे साड्यांचा हिशेब त्यावरून करावा.

● बाहेरची साठवण कधी? दुकान दोन सर्व्हरवर गेलं, की एकावर चढवलेला फोटो दुसऱ्यावर सापडत नाही. अशा वेळी प्लगइन लावून सगळ्या फाइल्स अ‍ॅमेझॉन एस३सारख्या सामायिक साठवणीत ठेवतात. ही सेवा २००६मध्ये सुरू झाली आणि २०१६पासून ती मुंबईतूनही मिळते. बहुतेक गिऱ्हाईक भारतातलं असेल, तर मुंबईच निवडा. फोटो लवकर उघडतात.

● किल्ली जपा : एस३ वापरण्यासाठी दुकानाला दिलेल्या किल्लीला (अ‍ॅक्सेस की) फक्त दुकानाच्या फाइल्स असलेल्या बकेटपुरतेच, म्हणजे एस३मधल्या त्या एका कप्प्यापुरतेच, अधिकार द्या. मुख्य खात्याची किल्ली सेटिंगमध्ये कधीही घालू नका.

● फोटो उघडे, बिलं बंद : मालाचे फोटो सर्वांना दिसायलाच हवेत. ई-पुस्तकं, बिलं आणि ग्राहकांची कागदपत्रं मात्र ठरावीक वेळेनंतर बाद होणाऱ्या लिंकनेच द्या.

● बॅकअप दोन्हींचा : डेटाबेसमध्ये फोटोचा फक्त पत्ता असतो, फोटो नसतो. म्हणून डेटाबेस आणि फाइल्स यांचा बॅकअप एकाच वेळी घ्या, आणि तो परत उतरवून दुकान उभं राहतं का, हे अधूनमधून तपासा.