कर्नाळ्यावरची निशाणं

शिरढोण मागे पडलं की गोवा महामार्गावरून कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो. पनवेलच्या खाडीतला माल ज्या वाटेने बोरघाटाकडे जाई, तिच्यावर इथून पहारा असे. म्हणून ज्याला पनवेल हवं, त्याला कर्नाळा हवाच.

१५४० मध्ये गुजरातच्या सुलतानाने गड घेतला. अहमदनगरच्या निजामशहाने वसईच्या पोर्तुगीजांना हाक दिली. त्यांचा कप्तान फ्रान्सिस्को द मेनेझिस याने ५०० माणसं पाठवून तो जिंकला, उलटून आलेली गुजरातची फौजही परतवली आणि मग पोर्तुगीजांनी वर्षाला ५,००० सोन्याच्या पारदाव नाण्यांच्या बोलीवर गड निजामशहालाच देऊन टाकला. खालच्या गावांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या मावळ्यांनी आडोसे रचत, पुढे सरकत तो मोगलांकडून घेतला. पुढे पुन्हा मोगल, मग पेशवे, आणि १८१८ मध्ये इंग्रजांचा कर्नल प्रोथर. गडावर एक शिलालेख मराठी आणि एक फारसी. दोन्ही एकाच वाटेवर.

भूमध्य समुद्रातल्या सिसिली बेटाची कथाही अशीच आहे. अरब, नॉर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, सगळे येऊन गेले. पण तिथल्या लोकांनी १२८२ च्या फ्रेंचांविरुद्धच्या उठावाचे लाल-पिवळे रंग जपले, त्यावर तीन पायांची त्रिनाक्रिया आणि गव्हाच्या लोंब्या मांडल्या आणि २००० साली तो झेंडा कायद्याने आपला केला.

आपल्या मुलखाला असा झेंडा नाही. इथे माणसंच निशाण झाली. कर्नाळ्याच्या किल्लेदार घराण्यातले वासुदेव बळवंत फडके १८४५ मध्ये शिरढोणला जन्मले, १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. शंभर वर्षांनी, १९८४ च्या जानेवारीत, नवी मुंबईसाठी जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा तेव्हा या गावांमध्ये घरचा होता. पण २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि.बां.चं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली, तेव्हा आगरी-कोळी-कराडी सगळे पक्षाचा झेंडा बाजूला ठेवून उभे राहिले. सिडको, मुंबई, दिल्ली यांनी आखलेल्या नकाशावर आपलं एक नाव असावं, एवढीच मागणी होती, आणि ती पूर्णपणे रास्त होती. २०२२ मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केला.